तळाचं कडं

८ जानेवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर कुणाचं ते ओळखूनही तुम्ही ते फोडलंत, तेव्हा निम्मं काम झालं असं धरते. तुमच्या दादांना या पत्राचा पत्ता नाही. आईंना तर नाहीच. दोन वर्षं झाली तरी तुमचं नाव निघालं की त्या उठून आतल्या खोलीत जातात. त्यामुळे आमच्या घरात तुमचं नाव निघत नाही.

खुशाली राहू दे, कामाचं लिहिते. हे पुन्हा लाकूड कातायला लेथवर उभं राहायचं म्हणताहेत.

डावा डोळा गेला तो गेला. उजवा ठणठणीत आहे, पेपर चष्म्याशिवाय वाचतात. पण एकट्या डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. कप टेबलावर ठेवायला जातात आणि टेबलाच्या अलीकडे हवेत ठेवतात. आमच्याकडे आता कपांपेक्षा बश्या जास्त आहेत. आणि असा माणूस फिरत्या लाकडाला धारेची पटाशी लावणार. टेकली असं त्यांना वाटेपर्यंत ती आत घुसलेली असेल, आणि मग हात कुठे असेल ते मला विचारू नका. डॉक्टरांनी लेथचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलंय. त्यावर हे डॉक्टरांना जे म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुम्हाला काय नवीन सांगायचं.

मी आपला साधा उपाय केला. लेथचा बेल्ट काढून उशीच्या अभ्र्यात घातला आणि त्यावर डोकं ठेवून झोपायला लागले. हे रोज वर्कशॉपमध्ये शोधायचे. त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. शेवटी परवा नवा बेल्ट आणायला निघाले तेव्हा मी दारात आडवी आले.

"मग काय, लेथ गंजू देऊ?"

"मला शिकवा. मी चालवते."

हसले. म्हणाले, "तू तुझं शिवणयंत्र सांभाळ."

"तेही फिरतंच की. वर त्याला सुई असते."

बरीच वादावादी झाली, ती तुम्हाला ऐकल्यासारखीच आहे. अखेर अट ठरली. मी जोडकामाचं पाखराचं घर करायचं. लाकडाच्या छोट्या फाका कापून, चिकटवून त्यांचं गोल कडं करायचं. अशी कडी एकावर एक चढवायची, लेथवर आतून-बाहेरून कातायची, आणि वर निमुळतं छप्पर. एकही सांधा न फुटता ते पुरं झालं तर लेथ माझं, आणि हे स्टुलावर बसून फक्त तोंड चालवतील. फुटलं तर मी माझ्या शिवणाच्या दुकानात आणि हे लेथवर, आणि मी पुन्हा आडवं यायचं नाही.

मी म्हटलं, पाखराचं घरच कशाला, एखादी वाटी सांगा. तर म्हणतात, "वाटी बिघडली की ताटली करता येते. पाखराच्या घरात पळवाट नाही." म्हणजे मला जमू नये म्हणूनच ते निवडलंय.

जोडकाम तुमच्या हातचं होतं. कडं कसं जुळवायचं तेवढं कळवा. त्या दिवसाचं मी काही विचारत नाही. मी तेव्हा माहेरी होते, आले ती थेट दवाखान्यात. तिथे जे सांगितलं गेलं ते ऐकलं: गोंद वाळायच्या आत तुम्ही कडं लेथवर चढवलंत, ते फुटलं आणि त्याचा तुकडा यांच्या डोळ्यात गेला. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत आणि बॅग भरलीत. ते तसंच राहू दे. मला आत्ता फक्त कडं हवंय.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

तुमची वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. रोज दुकान उघडताना दाराखाली बघते. असो. तुम्ही लिहा न लिहा, मी लिहिणार. अक्षर वाकडं आलंय, ते पेन धड नाही म्हणून.

पहिला धडा झाला. यांनी लेथ दाखवलं तेच मुळी लांबून. "चालू करताना कड्याच्या समोर उभं राहायचं नाही. फुटलं तर तुकडे सरळ समोर येतात. आधी बाजूला व्हायचं, मग बटण." हे सांगताना त्यांचा हात आपोआप डोळ्याकडे गेला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग फाका. एका कड्याला बारा, प्रत्येकीला दोन तिरके काप. काप केसभर चुकला तर एका फाकेत दिसतही नाही. पण बाराही फाका गोल मांडल्या की सगळ्यांच्या चुका शेवटच्या सांध्यात येऊन उभ्या राहतात. माझ्या पहिल्या, सरावाच्या कड्यात तिथे नख जाईल एवढी फट राहिली. मला ते समजायला वेळ लागला नाही. कळ्यांच्या स्कर्टला प्रत्येक कळीत दोरा-दोरा चुकला की कंबर कुठल्या कुठे जाते, ते मी रोज निस्तरते.

मी म्हटलं, पुन्हा कापते. हे म्हणाले, "कशाला? क्लिप आवळ, बसेल." ती पत्र्याची गोल क्लिप, पाइपाला लावतात तसली. आवळली. फट बंद झाली. गोंद बाहेर आला, पुसला, कडं झालं. हे खूश.

मला मात्र ते पटलं नाही. पोट आत ओढून हूक लावला म्हणजे स्कर्ट बसला असं होत नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणतात, "लाकडाला पोट नसतं."

तीन दिवस ते कडं फळीवर होतं. काल सकाळी मी तिथे झाडत असताना टक्‌ आवाज झाला. कुणी हात लावला नव्हता. बघते तर सांध्याला चीर. हे म्हणाले लाकूड ओलं असेल. लाकूड ओलं नव्हतं, भाऊजी. त्याच फळीवर ते वर्षभर वाळत पडलंय.

यांचा स्वभाव तुम्ही माझ्याआधीपासून ओळखता. त्यांना आपलं चुकलंय हे कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर आवाज चढतो.

आणखी एक. मी दुकानातून परत आले तर वर्कशॉपमधून लेथचा आवाज येत होता. नवा बेल्ट आणून बसवलाय. नुसतं फिरवून बघत होतो, म्हणाले. पटाशी हातात होती.

तुमची वहिनी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. 'गोंद रात्रभर वाळू द्या. बाजूला उभ्या राहा. पटाशी टेकणीवर आधी टेकवा, मग लाकडाला. जपून.' पोस्टकार्ड टाकलं असतंत तर पैसे वाचले असते. दादा कसा आहे, आई कशी आहे, एवढं विचारायला शाई संपली होती का? पण कागद जपून ठेवलाय, नाहीतर वाटेल तुम्हाला की वहिनी नुसती टोचते.

आता खरं सांगते. मागच्या पत्रातलं अक्षर पेनामुळे बिघडलं नव्हतं. फाका कापताना अंगठा करवतीला लागला. टाके पडले. यांना सांगितलं विळीवर कापला. त्यांना कळलं असतं तर अट तिथेच संपली असती.

कामाचं. मी माझ्या पद्धतीनं करून बघितलं. आम्ही शिवणारे लोक गोल काही शिवताना दोन अर्धे आधी शिवतो, मापाला लावतो आणि बाजूच्या शिवणी शेवटी घालतो. काही चुकलं तर तिथे सांभाळून घेता येतं. म्हणून मी सहा-सहा फाका चिकटवून दोन अर्धी कडी केली. काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि अर्ध्यांची टोकं त्यावर घासून सपाट केली. मग दोन्ही अर्धी समोरासमोर ठेवली. फट नाही. क्लिप नुसती टेकवायला लावली, आवळायला नाही.

करता करता आठवलं की तुम्ही असेच मागच्या पायरीवर काच घेऊन घासत बसायचात. हे तुम्हाला 'काचवाला' म्हणून हाका मारायचे आणि म्हणायचे, भेकडाचं कडं करतोय.

यांना कळू नये म्हणून मी अर्धी कडी दुकानात नेऊन घासत होते. मापाला आलेल्या बायकांना वाटत असेल हिला काहीतरी झालंय. पण यांचा हात हा हात आहे. चार कडी चढवून झाल्यावर त्यांनी डोळा मिटला आणि सांध्यांवरून बोट फिरवलं. सावकाश, सगळीकडून.

"हे त्याचं काम आहे."

"माझं आहे," मी म्हटलं. "अंगठा बघा." चिडून म्हणून गेले, आणि मग तेही बाहेर आलं.

मला वाटलं आता आकांडतांडव होणार. नाही झालं. हे निघून गेले, ते जेवायच्या वेळेला आले. मग हात धुता धुता म्हणाले, "चांगलं झालंय. पण तळ मी करणार. माझ्या पद्धतीनं."

अट अशी नव्हती. पण त्यांचा चेहरा असा होता की मला नाही म्हणता आलं नाही.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगू?

घर सुरेख झालंय. फिकं लाकूड, मध्ये गडद लाकडाचा एक पट्टा, पाखराला आत जायला भोक, खाली बसायला छोटी काडी. छप्पर वेगळं कातून ठेवलंय. लेथसमोर पहिल्यांदा पटाशी टेकवताना मी ती दोनदा मागे घेतली होती. आता लाकडाची ढलपी लांबच्या लांब निघते आणि मला चक्क मजा येते. हे स्टुलावरून ओरडतात, "कोपर अंगाला, कोपर अंगाला." शिकवतात चांगलं, ते मान्य करायला हवं.

राहिलंय ते फक्त तळाचं कडं. यांनी ते मला बघू न देता केलं. आणि मला न विचारता घराला चिकटवूनही टाकलं. उद्या ते कातायचं, मग छप्पर बसवायचं, की झालं.

आज हे आंघोळीला गेले तेव्हा मी घराला बोटानं टिचक्या मारून बघितल्या. माझी कडी टणटण वाजतात. तळाचं कडं थप्प वाजतं. नीट प्रकाशात धरलं तर एका सांध्यात भुसा आणि गोंद कालवून भरलाय. वरून रंग असा जुळवलाय की डोळ्याला कळणार नाही. आत फट आहे, आणि जी भरली नाही ती आवळून बंद केलीय.

माझ्या मनात आधी आलं, मी हरावं म्हणून मुद्दाम केलं. पण तसं नाही. मुद्दाम फोडायचं असतं तर इतक्या मेहनतीनं रंग कशाला जुळवला असता? त्यांना ते टिकायला हवंय. आवळलेलं कडं लेथवर टिकतं हे त्यांना उद्या सगळ्यांना दाखवायचंय. सगळे म्हणजे कोण, ते मला कळत नाही. मी एकटीच तर असणार.

सांगितलं तर म्हणतील, घाबरलीस, अट हरलीस, सरक, मी करतो. नाही सांगितलं तर उद्या बटण मी दाबणार.

मला भीती वाटतेय, भाऊजी. आईंना काही कळलेलं नाही. आत्ता विचारत होत्या, ते घर झालं की अंगणात लावशील ना गं.

वहिनी


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

मी धडधाकट आहे. हेही. आधी एवढं लिहून टाकते म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

सकाळी घर लेथवर चढवलं. हे स्टुलावर. मी बटणाकडे गेले नाही.

"तळाचा सांधा फुटेल," मी म्हटलं. "आत फट आहे."

"काही फुटत नाही."

"टिचकी मारून बघा."

"तुला भीती वाटत असेल तर तसं सांग. बाजूला हो, मी लावतो." आणि उठलेच. पटाशी उचलली. उचलताना पहिल्यांदा हात तिच्या शेजारी पडला, दुसऱ्यांदा सापडली.

मी बाजूला झाले नाही. मी वळसा घालून लेथच्या पुढे गेले आणि कड्याच्या अगदी समोर उभी राहिले. जिथे उभं राहायचं नाही म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, तिथे.

"सरक तिथून."

"सांधा पक्का आहे ना?"

"सरक म्हणतोय ना."

"पक्का आहे तर मला काय होणार? दाबा बटण."

त्यांचा अंगठा बटणावर होता. हा माणूस हट्टाला पेटला की काय करेल याचा भरवसा मला तरी नाही, आणि लग्नाला किती वर्षं झालीत ते तुम्हाला ठाऊक आहे. मी डोळे मिटायचे नाहीत एवढंच ठरवलं होतं. ते कड्याकडे बघत होते, मग माझ्याकडे.

मग त्यांनी हात काढला. पटाशी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. जमिनीकडे बघत म्हणाले, "तोही हेच म्हणाला होता."

"कोण?"

"लावू नको दादा, आवळून बसवलंय, फुटेल म्हणाला. मी त्याला म्हटलं, भेकडा, बाजूला हो."

"आणि गोंद?"

"गोंद वाळलेला होता. कडं माझं होतं."

भाऊजी, मला दया आली नाही. माझ्या डोक्यात संताप गेला. दोन वर्षं मी या डोळ्यात औषध घातलं आणि दोन वर्षं हे माझ्याकडे बघून गप्प राहिले. मी खूप बोलले. जे बोलले ते सगळं त्यांना लागू होतं, एक शब्द मागे घेणार नाही.

आणि तुमच्यावरही माझा राग आहे. दवाखान्यात तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभे होता आणि आई तुम्हाला वाटेल ते बोलत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. पट्टी बांधलेल्या भावाला खोटं पाडवेना, हेच ना? हा कसला मोठेपणा? तुम्ही दोघं एकाच लाकडाचे.

मग मी हातकरवत घेतली. यांनी घर धरलं, मी तळ कापून काढला. सुटलेल्या कड्यावर एका जागी करवत चालवली. आरपार गेली तशी त्याची दोन टोकं आपोआप एकमेकांपासून लांब झाली. आम्ही दोघं ते बघत राहिलो. हे म्हणाले, "काच कुठे ठेवलीस?"

नवा तळ यांनी काचेवर घासून केलाय. गोंद लावून ठेवलाय. आज त्याला कुणी हात लावायचा नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

भाऊजी,

घर पुरं झालं. एकही सांधा फुटला नाही. लेथ माझं आहे, आणि हे स्टुलावरून मला जे काही बोलतात त्याला शिकवणं म्हणतात. पटाश्यांना धार लावून देतात, ती मात्र अजून त्यांच्यासारखी मला जमत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल यांनी आईंना सांगितलं. मी सांगायला लावलं नाही, शपथेवर. जेवण झाल्यावर स्वतःच त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि तुमचं नाव घेतलं. आई सवयीनं उठायला लागल्या. "बस आई," म्हणाले, "त्याची चूक नव्हती." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

आईंनी ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं तू मला माझ्या पोराला तोडायला लावलंस." त्यानंतर त्या यांच्याशी बोललेल्या नाहीत. घरातला एक अबोला मोडायला गेले आणि दुसरा सुरू झाला. यांना तो कडू लागतोय, पण तक्रार करत नाहीत.

आज सकाळी आईंनी पिशवी भरली. शनिवारच्या बसनं तुमच्याकडे निघणार आहेत. तुम्ही इकडे या असं मी लिहिणार होते, तर म्हणाल्या, "त्यानं का यावं? घालवलं मी, जाईन मी." मी सोबत येते म्हटलं, नको म्हणाल्या. त्या कधी एकट्या बसमध्ये बसलेल्या नाहीत. हे सकाळपासून दोनदा स्टँडवर जाऊन गाडी कुठे लागते ते बघून आले. हे पत्रही तेच टपालात टाकणार आहेत, मघापासून चपला घालून दारात उभे आहेत. तुम्हाला काही लिहायचंय का विचारलं, तर म्हणाले, "पत्रात नको. आई परत आली की मी जाईन."

दुपारी उतरतील. स्टँडवर वेळेच्या आधी जाऊन उभे राहा. तुम्हाला काय म्हणायचं ते त्या काल रात्रीपासून पुटपुटत घोकताहेत, मी भिंतीपलीकडून ऐकलंय. दरवेळी दुसऱ्या शब्दावर अडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून सांगते, त्या उतरल्या की त्यांना बोलायला लावू नका. तुम्हीच आधी हाक मारा.

वहिनी